वीणेच्या मेणाचा दुसरा नमुना

"वितळलं का?" विश्वनाथन सरांनी दारातूनच विचारलं.

"कडेला वितळलंय. मध्ये ढिम्म आहे," मी म्हटलं.

"थोडा वेळ द्या मॅडम. होईल."

"सर, पहिला नमुना एवढ्या वेळात मधोमध लोण्यासारखा झाला होता. हा का होत नाही? माल तोच ना?"

सर आत आले. त्यांच्या हातात माझ्या सहीसाठी आणलेला रिपोर्ट होता. त्यात आकडे पहिल्या नमुन्याचे होते, आणि ते फार सुंदर होते. मी सही करत नव्हते, कारण दुसऱ्या नमुन्याचे आकडे माझ्यासमोर डब्यात घट्ट बसून होते.

"तुम्हाला नेमका संशय कशाचा येतोय ते तरी सांगा," सर म्हणाले.

"तेच कळत नाहीये. पण येतोय."

माझ्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती थांबत नाही. घरचे याला खोड म्हणतात. लॅबमध्ये या खोडीवरच माझी नोकरी टिकली.

मी मूळची सोलापूरची, केमिकल इंजिनिअर. नवऱ्याची बँकेत तंजावरला बदली झाली आणि मी तिथल्या एका छोट्या कंपनीत लागले. नव्वदनंतरची ती वर्षं. सरांनी सरकारी नोकरी सोडून कंपनी काढली होती आणि त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी 'कोलॅबरेशन' येत असे. जर्मनीचे पाहुणे पावसाळ्यात येणार होते. त्यांना दाखवायला सरांना एक चालतं यंत्र हवं होतं.

यंत्र साधं होतं. उष्णता साठवायची आणि हवी तेव्हा वापरायची. साठवायची मेणात. ते कसं, तर थंडीत खोबरेल तेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो ना, तसंच. गोठलेलं तेल वितळताना उष्णता पीत राहतं, पण स्वतः तापत नाही. सगळं वितळून झालं की मगच तापायला लागतं. उलट, गोठताना तीच उष्णता ते हळूहळू परत देतं, आणि तेही एकाच तापमानाला. अशा पदार्थाला आम्ही फेज चेंज मटेरियल म्हणतो. मेण त्यातलंच.

मेणाची एकच वाईट सवय. ते उष्णता आत जाऊ देत नाही आणि बाहेरही येऊ देत नाही. डबा तापवला तर कडेचं वितळतं, मधलं थंडच राहतं. डबा निवायला लागला तर कडेचं आधी गोठतं आणि आतल्या गरम मेणाभोवती गोधडीसारखं बसतं. उष्णता आत कोंडून राहते आणि बाहेर आपण हात चोळत बसतो. म्हणून मेणात काहीतरी मिसळायचं, ज्यातून उष्णता पटकन पळेल. मिसळलेल्याला म्हणायचं कंपोझिट. आम्ही कार्बनची पूड घालून बघितली होती. पहिल्यांदा झकास चाललं. मग मेण चार-दोनदा वितळलं आणि सगळी पूड तळाशी गाळासारखी बसली.

तेवढ्यात सरांच्या मुलीची वीणा दुरुस्तीला गेली.

तंजावरच्या वीणेचे पितळी पडदे लाकडावर ठोकलेले नसतात, ते काळ्या मेणात रुतवलेले असतात. मधमाशीचं मेण, राळ आणि काजळी. पडदे झिजले, सुरात येईनासे झाले, की मेण उतरवून ते पुन्हा बसवायचे. सर वीणा टाकायला गेले, ते काळं मेण पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. मेण आहे, कार्बन आहे, आणि राळेमुळे इतकं दाट आहे की पूड खाली बसायचं नाव नाही! वीणा करणाऱ्या मुरुगेस आसारींकडून त्यांनी मूठभर मेण मागून आणलं. तिकडे कारागिराला आसारी म्हणतात. मी त्या मेणाची चाचणी घेतली आणि माझेच डोळे विस्फारले. कड आणि मध्य जवळजवळ बरोबरीने वितळले. पुनःपुन्हा वितळवून गोठवलं तरी तेच.

सरांनी लगेच आसारींना मोठी ऑर्डर दिली. "एकदम फर्स्ट क्लास माल द्या," असं बजावूनही आले. त्या मालातला पहिला गोळा म्हणजे हा दुसरा नमुना.

मी आधी माझ्या यंत्रावर संशय घेतला. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, अदलाबदल करून पाहिल्या. फरक नाही. मग सरांवर घेतला. खोटं कशाला बोलू? जर्मन यायच्या गडबडीत पहिल्या चाचणीच्या वेळी हीटर कुणी वाढवला असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. म्हणून पहिल्या नमुन्याचा उरलेला तुकडा मी स्वतः, दार लावून, पुन्हा तापवला. मध्यापर्यंत वितळला. म्हणजे सर सुटले. राहिले आसारी.

आसारींचं दुकान म्हणजे घराची पडवी. मी गेले तेव्हा कढईत काहीतरी शिजत होतं. मला बघताच त्यांनी कढईवर गोणपाट ओढलं.

"अम्मा, तुम्हाला मेण हवंय की कृती?" ते म्हणाले. माझी तमिळ तोवर भांडण्यापुरती तयार झाली होती.

"कृती तुमची तुम्हाला लखलाभ. मला एवढंच सांगा, आधीचा गोळा आणि हा माल एकच ना?"

"एकच हात, एकच कढई."

"हात आणि कढई नाही विचारली. माल?"

त्यांनी आतल्या बाजूला ओरडून माझ्यासाठी कॉफी मागवली. त्या घरात कॉफी आली की विषय संपला असं समजायचं. मी ती प्यायले आणि चरफडत परत आले. हा माणूस काहीतरी लपवतोय याबद्दल आता माझी खात्री झाली होती. आणि मी त्यांची कृती चोरायला आलेय याबद्दल त्यांची.

इकडे सरांना दम नव्हता. माझ्या सहीची वाट न बघता त्यांनी पत्र्याचे डबे त्याच मालाने भरले आणि जवळच्या तिरुवैयारूला अंबूबाईंच्या शेडमध्ये नेऊन बसवले.

अंबूबाई म्हणजे तंजावरी मराठी. त्यांची माणसं राजांच्या काळात तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. बाईंना देवनागरी वाचता येत नव्हती, पण बोलणं असं की माझी पणजी समोर बसलीय असं वाटावं, आणि त्याला हेल तमिळचा. कालव्याकाठी त्यांनी बायकांची संस्था काढली होती. बायका अप्पळम लाटत, म्हणजे आपले उडदाचे पापड. पावसाच्या महिन्यांत वाळवण बंद, म्हणून शेड बंद. मग बायका गुडघाभर चिखलात भाताच्या लावणीला जात. लावणी करणारी टोळी एकदा ठरली की मधून कुणाला घेत नाहीत.

आमची योजना अशी होती. सकाळी भाताच्या तुसाची भट्टी पेटवायची आणि तिच्या आचेवर मेण वितळवायचं. भट्टी विझली, धूर गेला, की बायकांनी लाटायला बसायचं आणि दिवसभर मेणाने ऊब द्यायची. भट्टी चालू ठेवून वाळवलं तर पापडाला धुराचा वास लागतो.

अंबूबाईंचा या प्रकारावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. "बाई, मज एक सांगा," त्यांनी मला विचारलं होतं, "वाळू तापवून का भागत नाही? वाळू कोठेही मिळते."

"वाळू आधी पापड करपवेल आणि मग गार पडेल. मेण एकाच तापाला पुष्कळ वेळ राहतं."

"राहतं म्हणतां?"

"राहतं," मी म्हटलं होतं. तेव्हा माझ्यासमोर फक्त पहिला नमुना होता. त्या माझ्या शब्दावर बाईंनी बायकांना सांगितलं, यंदा लावणीच्या टोळीत नावं देऊ नका, शेड चालू राहणार आहे.

पावसाची झड लागली त्या दिवशी शेड पहिल्यांदा चालवली. भट्टी झाली. बायका लाटायला बसल्या. जेवणवेळेपर्यंत हवा छान उबदार होती. मग डबे बाहेरून निवले. तिसऱ्या प्रहरी जाळ्यांवरचे पापड दमट, काही चिकटलेले. दुसऱ्या दिवशी त्यांना वास आला. सगळं पीठ फेकावं लागलं.

पहिल्या दिवशी डबे निवताच मी एका डब्याचं झाकण काढून आत दाभण खुपसलं. वरचा थर टणक आणि आत अजून मऊ, बोटाला चटका बसेल इतकं गरम. उष्णता होती, पण कोंडलेली.

अंबूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. "तुमचं यंत्र उबेचं सोंग करतं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मी बायकांस काय सांगूं? लावणीस जाऊं नका म्हणून मीच सांगितलें. आता त्यांस चिखलांत देखील कोणी घेईना."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकं शरमल्यासारखं झालं की बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

लॅबमध्ये येऊन पहिल्या नमुन्याचा उरलेला तुकडा काढला आणि गरम सुरीने कापायला घेतला. सुरी मेणातून सरसर जायला हवी. ती करकरली. मी कापलेली बाजू उजेडात धरली. काळ्या मेणात पिवळे बारीक कण चमकत होते. पितळ! दुसऱ्या नमुन्यात एकही नाही.

आता माझं टाळकं सरकलं. म्हणजे या बाबाने ऑर्डर मिळवायला पहिल्या गोळ्यात धातूचा कीस घातला आणि मोठ्या मालात हात आखडला! मी तुकडा घेऊन तडक आसारींच्या पडवीत.

"तुम्ही पहिल्या मेणात पितळ घातलंत."

आसारी उठून उभे राहिले. मिशा थरथरत होत्या. "माझ्या मेणात पितळ? मेणात खडा आला तरी पडदा करकरतो, माहीत आहे? माझ्या आजोबांपासून या घराला असं कुणी बोललं नाही!"

"मग हे काय आहे?"

त्यांनी तुकडा पाहिला. क्षणभर गप्प झाले. मी ते बरोबर हेरलं. मग म्हणाले, "तुमच्या कारखान्यातलं असेल."

या वेळी कॉफी आली नाही.

दोन दिवसांनी आसारी स्वतः कंपनीत हजर. नवी कोरी वेष्टी, म्हणजे नेसायचं धोतर, फाडून तिच्यातून गाळलेलं मेण त्यांनी सरांच्या देखत माझ्या टेबलावर आपटलं. "घ्या. शोधा आता पितळ."

पितळ नव्हतं. मी चाचणी घेतली. तिसरा नमुना दुसऱ्याहूनही वाईट निघाला. गाळताना काजळीच्या गुठळ्यासुद्धा गेल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही माणूस तोडलात," सर म्हणाले. मग जरा थांबून, "आपला माल बाद करून तुम्हाला जर्मनांकडचं तयार मेण घ्यायचं आहे का? तसं असेल तर सरळ सांगा."

म्हणजे आता माझ्यावर संशय! मला हसावं की रडावं कळेना. पण एक गोष्ट डोक्यात अडकली होती. आसारी खरंच भडकले होते. चोर असा भडकत नाही, चोर समजूत घालतो. आणि तरीही तो तुकडा बघून ते गप्प झाले होते. दोन्ही खरं कसं असेल?

सरांच्या मुलीची वीणा तयार झाल्याचा निरोप आला. मी म्हटलं, "मी आणते." सरांनी भुवया उंचावल्या, पण पाठवलं.

आसारींची पाठ होती. मांडीवर कुणाची तरी जुनी वीणा. पडद्यांवर तारेने पाडलेल्या खाचा ते कानशीने घासून सपाट करत होते. आणि पडदे सुटे काढून नाही, मेणात रुतलेले असतानाच. मेण पडद्याला शिकंज्यासारखं धरून ठेवतं, हलू देत नाही, म्हणून घासून मग उतरवायचे. कीस दोन्ही बाजूंच्या मेणावर पडत होता आणि कानशीच्या दाबाने तिथेच रुतत होता. पडदे घासून झाल्यावर त्यांनी पडदे उपटले, पटाशीने मेणाच्या पट्ट्या उचकटल्या आणि शेजारच्या मडक्यात टाकल्या. मडक्यात आधीच्या कितीतरी वीणांचं मेण होतं.

मी पायरीवरूनच विचारलं, "आसारी, सरांना त्या दिवशी मेण या मडक्यातून दिलंत?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली.

"साहेब घाईत होते," ते म्हणाले. "मडकं हाताशी होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मुरुगेस जुनं मेण खपवतो असं? गल्लीत बोभाटा झाला तर नवी वीणा कोण करून घेईल माझ्याकडून? आणि ऑर्डर आली तेव्हा तुमच्या साहेबांनी फर्स्ट क्लास मागितलं. कंपनीला उतरवलेलं मेण देऊ? मला लाज नाही?"

मला हसूच फुटलं. ते फार दुखावले. मी हात जोडले. "अहो, तुम्ही जितके इमानाने वागत गेलात, तितका आमचा माल बिघडत गेला! आम्हाला ती घाणच हवी होती."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मला वेड लागलंय. मी समजावून सांगितलं. काजळी काळी दिसते, पण आमच्या कार्बनच्या पुडीइतकी उष्णता ती वाहून नेत नाही. वाहून नेतं पितळ. आणि जड पितळ तळाशी जात नाही ते त्यांच्या राळेच्या दाटपणामुळे. काजळीतल्या कार्बनवर सर भाळले होते, आणि त्याचा यात वाटा अगदी थोडा होता.

"मुद्दाम पितळ घालायचं?" आसारींनी मान हलवली. "माझ्या हाताने नाही. माझ्या कढईत नाही. आणि याला वीणेचं मेण म्हणायचं नाही."

"मान्य."

कंपनीच्या मागच्या अंगणात कढई लावली. तंजावरी थाळ्या करणाऱ्यांकडून पितळेचा कीस आणला. सगळे डबे शेडमधून परत आणून रिकामे केले. आम्ही डबे नेत असताना अंबूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आसारी 'फक्त बघायला' आले, हात पाठीमागे बांधून. माझा पहिला घाणा त्यांनी काडी बुडवून पाहिला. "पातळ आहे. तुमचं पितळ बुडणार." मी ऐकलं नाही, छोट्या डब्यात गोठवून उभा कापला, तर पितळ तळाशी. मग त्यांनी हात सोडले, राळ टाकली आणि मला बाजूला सारून स्वतःच ढवळायला लागले. आपण बघायलाच आलोय हे ते विसरले, आणि मी आठवण करून दिली नाही.

पुन्हा शेड. पुन्हा पाऊस. या वेळी अंबूबाईंनी एकाही बाईला बोलावलं नव्हतं.

"आधी मी पाहीन," त्या म्हणाल्या. त्यांनी एकटीने पीठ मळलं, एकटीने लाटलं, जाळ्या भरल्या. भट्टी विझल्यावर निखारे स्वतः बाहेर काढून पाणी ओतलं आणि भट्टीच्या तोंडाशी पाट टाकून बसल्या. सर जवळ गेले तर म्हणाल्या, "तेथेच उभे राहा. चोरून विस्तव घालाल." सरांना मराठी कळत नव्हती, पण एवढं कळलं.

दुपार झाली. बाहेर धो धो. मी दर थोड्या वेळाने डब्यांना हात लावत होते. गरम. पुन्हा लावला. गरमच. दिवेलागणीच्या आधी बाई उठल्या. सगळ्यात लांबच्या जाळीवरचा, सगळ्यात जाड पापड उचलला आणि मोडला. कट्ट असा आवाज आला. दुसरा मोडला. मग वास घेतला. मग तळायला तेल ठेवलं, तळला, आधी स्वतः खाल्ला.

"हौ," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि डोक्यावर पोतं घेऊन कालव्याच्या बांधावर जाऊन हाका मारायला लागल्या.

बायका लांब नव्हत्याच. समोरच्या झापांच्या आडोशाला सगळ्या उभ्या होत्या, लाटणी घेऊन, कधीपासून कोण जाणे. भिजत धावत आल्या. त्यांच्यातली एक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अक्का, उद्यापण होईल ना?"

"होईल," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायच्या आधी तिथे जाऊन बसले. झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही झालं. पाऊस संपेपर्यंत शेड बंद पडली नाही.

जर्मन पाहुणे आले, पापड खाल्ले, पुष्कळ फोटो काढले आणि कोलॅबरेशन काही झालं नाही. वर्षभराने मेणातल्या आम्लामुळे पितळ हिरवं पडायला लागलं, तेव्हा आम्ही लेथवरचा अॅल्युमिनियमचा कीस वापरायला लागलो. त्याचे कुरळे तुकडे एकमेकांत गुंततात आणि खाली तर मुळीच बसत नाहीत. आसारींनी शेवटपर्यंत स्वतःच्या पडवीत तो माल शिजू दिला नाही.

लोक मला विचारतात, चांगले आकडे आल्यावरही तुम्ही इतका संशय का घेता? मी त्यांना त्या रिपोर्टचं सांगते. पहिल्या नमुन्यावर मी सही केली असती तर ती खोटी ठरली नसती. आकडे खरे होते. यंत्र बरोबर होतं. सर प्रामाणिक होते, आसारी तर जरुरीपेक्षा जास्त. फक्त त्या बायकांचे पापड कधीच वाळले नसते.